जुन्या रस्त्याला ओसरी हवी

प्रत्येक जुन्या शहरात एखादा रस्ता असा असतो, की परगावचा पाहुणा आला म्हणजे यजमान त्याला मुद्दाम तिकडे घेऊन जातो. इंदूरला राजवाड्याभोवतीच्या पेठा आहेत, वडोदऱ्याला मांडवीलगतच्या गल्ल्या आहेत, हैदराबादेत सुलतानबाजार आहे आणि पणजीत फोंतेन्यास आहे. पाहुणा घरांचे कोरीव काम पाहतो, खिडक्यांचे रंग पाहतो, ‘जुने लोक मोठे रसिक’ असा उद्गार काढतो आणि परततो. त्या रस्त्यावर दिवेलागणीच्या वेळी किती घरांत दिवा लागतो, किती दारांना बारमाही कुलूप असते, कोपऱ्यावरच्या दुकानात अजून मीठमिरची मिळते की नुसत्या शोभेच्या वस्तू, हे विचारण्याचे त्याला कारण पडत नाही. रस्त्याचे आयुष्य मात्र याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

अशा रस्त्याला उतरती कळा लागली, की एक सूचना हटकून पुढे येते : तेथे एखादे संस्कृतिकेंद्र उभारावे. सूचना चांगली आहे; पण तिच्या पोटात दोन अगदी भिन्न कल्पना दडलेल्या असतात. एका कल्पनेत केंद्र म्हणजे रस्ता पाहावयास येणाऱ्यांसाठी मांडलेले प्रदर्शन. दुसऱ्या कल्पनेत केंद्र म्हणजे रस्त्यावर राहणाऱ्यांची सामायिक ओसरी. तेथे पाहुण्यालाही मान आहे, परंतु घर यजमानाचे आहे. वास्तू एकच असली आणि खर्चही तितकाच आला, तरी या दोन कल्पनांतून निघणारे आराखडे निराळे होतात. ते कसे, हे फोंतेन्यासच्या उदाहरणावरून चांगले समजते.

मांडवीच्या मुखाशी वसलेली पणजी मूळची लहानशी वस्ती. जुन्या गोव्यात रोगराई माजून ते शहर ओस पडू लागले, तेव्हा १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीतील आदिलशाही वाड्यात हलविला. पुढे १८२७ ते १८३५ या काळात, दों मान्युएल द पोर्तुगाल इ कास्त्रू याच्या कारकिर्दीत, दलदली बुजवून रस्ते आखण्यात आले आणि १८४३ साली ‘नोवा गोवा’ या नावाने पणजी राजधानी ठरली. फोंतेन्यास ही वस्ती अल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे आंतोनियु जुवांव द सेकैरा नावाच्या गृहस्थाची माडांची बाग होती. मोझांबिकात पैसा मिळवून आलेला म्हणून लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत. टेकडीच्या पायथ्याशी ‘फोंत फेनिक्स’ हा झरा होता; ‘फोंतेन्यास’ या शब्दाचा अर्थही लहान झरे असाच आहे. राजधानी वाढली तसतशी बागेच्या जागी घरे उभी राहिली.

येथील प्रमुख रस्त्याला ‘३१ जानेवारी’ हे नाव आहे. पोर्तुगालच्या इतिहासात ही तारीख १८९१ साली पोर्तु शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी केलेल्या आणि फसलेल्या उठावाची म्हणून ओळखली जाते. वस्तीच्या दक्षिण अंगाला संत सेबास्त्यांवचे कपेल आहे.  जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला, उघड्या डोळ्यांच्या ख्रिस्ताचा क्रूस १९१८ साली या कपेलात आला. शेजारीच मळा नावाचा भाग आणि टेकडीच्या उतारावर मारुतीचे मंदिर आहे. मारुतीच्या जत्रेत हाच परिसर दुकानांनी आणि माणसांनी भरून जातो. तेव्हा या वस्तीला एकत्र जमण्याची सवय नव्याने लावावयाची नाही. कपेलासमोरचे अंगण आणि मंदिराची पायवाट ही तिची जुनी जमण्याची ठिकाणे आहेतच. नव्या वास्तूला त्यांच्या जोडीने उभे राहावयाचे आहे. त्यांची जागा घ्यावयाची नाही.

घरांची रचना पाहण्याजोगी आहे. भिंती जांभ्या चिऱ्यांच्या, त्यांवर चुन्याचा गिलावा, वर मंगळुरी कौले. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसविलेल्या असत. त्यांतून ऊन गाळून आत येई आणि खोलीत दुधासारखा शांत उजेड पसरे. काही घरांना रस्त्याकडे उघडणारा बाल्कांव आहे, म्हणजे दोनचार पायऱ्या, वर छप्पर आणि दोन्ही बाजूंना बसावयाचे चिरेबंदी बाक. देशावरच्या वाड्याला जशी ओसरी, गुजरातेतल्या घराला जसा ओटा, तसा गोव्याच्या घराला बाल्कांव. येथे बसलेले माणूस घरातही असते आणि रस्त्यावरही असते. भाजीवालीशी घासाघीस, पोदेराच्या सायकलची वाट पाहणे, मुलांवर नजर ठेवणे, मांडवीवरून आलेला वारा घेणे, ही सर्व कामे एकाच बैठकीत होतात. रस्ता सुरक्षित कसा राहतो, याचे उत्तर पुष्कळ अंशी या बैठकीत आहे. कारण ज्या रस्त्यावर कोणी ना कोणी बसलेले असते, तेथे परक्या माणसाची ये-जा कोणाच्या तरी नजरेखालून होत असते.

ही बैठक रिकामी का होऊ लागली, याची कारणे भिंतींत शोधून सापडत नाहीत. पहिले कारण स्थलांतर. मुंबई, पूर्व आफ्रिका, आखाती देश, पोर्तुगाल आणि इंग्लंड येथे गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली; मागे वृद्ध राहिले आणि वृद्धांच्या मागे कुलूप राहिले. दुसरे कारण वारसाहक्काचे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा गोव्याने मुक्तीनंतरही टिकवून धरला आणि त्यात मुलगा व मुलगी समान वाटेकरी आहेत. न्यायाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट खरी. परंतु तीन पिढ्यांनंतर एकाच घराला चार देशांत पसरलेले पंधरावीस मालक होऊ शकतात, आणि कौले परतावयाची असली तरी कोणी कोणाला विचारावे हा प्रश्न पडतो. तिसरे कारण भाड्याचे. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला आधार दिला. पण जुन्या भाड्यात घराची डागडुजी भागत नाही, ही मालकाची अडचण तशीच राहिली. पणजी परिसरात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा पावसात दोन वर्षे न परतलेले छप्पर तुळया कुजवते, आणि तुळई बसली की वरचा मजला जातो.

या जुन्या दुखण्यात अलीकडे एका नव्या दुखण्याची भर पडली आहे. ते प्रसिद्धीचे. फोंतेन्यासच्या रंगीत भिंतींची छायाचित्रे जगभर गेली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची रीघ लागली. कोणी परक्याच्या पायरीवर बसतो, कोणी खिडकीत डोकावतो, कोणी लग्नाचा सबंध लवाजमा घेऊन रस्ता अडवितो. रहिवाशांना आपल्याच दारावर ‘येथे छायाचित्रे काढू नयेत’ अशी पाटी लावावी लागली. जो बाल्कांव शेजाऱ्यासाठी होता, तो परक्याच्या देखाव्याची पार्श्वभूमी झाला, आणि त्यावर बसणारे माणूस आत निघून गेले. घरे ओस पडल्याने रस्ता मरतो, तसाच तो फार पाहिला गेल्यानेही मरू शकतो.

येथे एक समजूत दुरुस्त करून घेणे योग्य होईल. फोंतेन्यास ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील वस्ती आहे, असे पुष्कळदा छापले जाते. १९८६ साली त्या यादीत आली ती जुन्या गोव्यातील चर्चे आणि मठ. फोंतेन्यास त्या यादीत नाही. नावाचा हा मान नसल्याने वस्तीचे काही बिघडत नाही; पण तिचे रक्षण दूरच्या एखाद्या संस्थेने आधीच हाती घेतले आहे, ही निश्चिंती मात्र मनातून काढून टाकावी लागते. रक्षण व्हावयाचे ते येथील माणसांकडून, महानगरपालिकेकडून आणि गोवा शासनाकडूनच.

या वस्तीसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. या शतकाच्या पहिल्या दशकात गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या पुढाकाराने फोंतेन्यासमध्ये कलामहोत्सव झाला. त्यात रहिवाशांनी आपल्या घरांचे दिवाणखाने चित्रप्रदर्शनासाठी उघडून दिले. चित्र पाहावयास आलेला माणूस घराच्या मालकिणीशी दोन शब्द बोलून, तिने दिलेले पाणी पिऊन बाहेर पडे. वस्तीला आपल्या घरांचे मोल नव्याने कळले, आणि बाहेरच्यांना घराच्या आत माणसे राहतात हे कळले. काही जुन्या वाड्यांची अतिथिगृहे झाली, काहींत चित्रशाळा निघाल्या. त्यामुळे ती घरे पडण्यावाचून वाचली, हे मान्य केले पाहिजे.

मोठ्या संस्थांचीही पणजीत वाण नाही. कांपाल येथे चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याची कला अकादमी आहे. मेनेझिस ब्रागांझा संस्था आहे. तिच्या प्रवेशदालनात जोर्ज कोलासु याच्या निळ्या फरश्यांवरील चित्रे १९३५ सालापासून आहेत. १८३२ साली स्थापन झालेले मध्यवर्ती ग्रंथालय २०१२ साली पाटो येथील संस्कृती भवनात गेले; फोंतेन्यासहून खाडी ओलांडली की ते येते. आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो. २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कलामहोत्सव भरत आला आहे. असे असता आणखी एका वास्तूची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की ही सारी ठिकाणे मुद्दाम ठरवून, कपडे बदलून जाण्याची आहेत. पायांत सपाता घालून, हातातली पिशवी खाली ठेवून, अर्धा तास टेकावे असे ठिकाण निराळे असते. उत्सव वर्षातून दहा दिवसांचा. उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांची सोय उत्सवाने होत नाही.

मराठी समाजाला ही गोष्ट नवी नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे आणि बेळगावचे सार्वजनिक वाचनालयही १८४८ चेच. महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी माणूस स्थिरावला, तेथे त्याने वाचनालय, गणेशोत्सव आणि नाट्यमंडळी या तीन खांबांवर आपली सार्वजनिक ओसरी उभी केली. सकाळची वर्तमानपत्रे, दुपारी स्त्रियांचे मंडळ, संध्याकाळी मुलांच्या स्पर्धा, रात्री तालीम असे एकाच दालनाचे चार उपयोग होत. वडोदऱ्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास आरंभ केला, तेव्हा पेटीतून गावोगाव फिरणारी पुस्तकेही त्या योजनेत होती. वाचक ग्रंथालयात येण्याची वाट न पाहता ग्रंथालयाने वाचकाच्या दाराशी जावे, हे तत्त्व त्या पेटीत होते. जुन्या रस्त्यावरील संस्कृतिगृहालाही तेच तत्त्व लागू पडते.

इतर शहरांतील दोन प्रयोग या संदर्भात उपयोगी आहेत. मुंबईत काळा घोडा भागासाठी १९९८ साली एक संस्था निघाली आणि १९९९ पासून तेथे दरवर्षी कलामहोत्सव भरू लागला. त्यातून मिळणारा पैसा त्या भागातील इमारतींच्या जीर्णोद्धाराकडे वळविण्यात आला. उत्सवाचे उत्पन्न रस्त्याच्या कामी लावावे, हा धडा तेथून घेण्यासारखा आहे. परंतु काळा घोडा हा प्रामुख्याने कचेऱ्यांचा आणि संग्रहालयांचा भाग आहे. रात्री तेथे झोपणारे थोडे. फोंतेन्यास ही राहती वस्ती आहे, म्हणून तेथील गर्दीचे माप येथे चालणार नाही. दुसरा प्रयोग अहमदाबादेचा. तेथील महानगरपालिकेने १९९७ साली पोळांतून वारसाफेरी सुरू केली, आणि २०१७ साली ते शहर जागतिक वारसा यादीत आले. त्या फेरीच्या वाटेवर लांबेश्वरनी पोळ लागते. तेथे कवी दलपतराम यांचे घर उरले नव्हते. म्हणून घराचा दर्शनी भाग पुन्हा उभारून कवीचा पुतळा ओट्यावर बसविलेला आहे. पुतळा उंच चौथऱ्यावर नेला नाही, ओट्यावर ठेवला, यातच सारी समज दिसून येते.

आता प्रत्यक्ष आराखड्याकडे वळावे. फोंतेन्यासमधील एखादे बंद पडलेले दुमजली घर या कामासाठी मिळाले, असे गृहीत धरू. आराखड्याची पहिली रेघ कागदावर पडण्यापूर्वी रस्त्याचा दिनक्रम समजून घेतला पाहिजे. पहाटे पोदेर कधी येतो, शाळेची मुले कधी सुटतात, वृद्ध स्त्रिया कपेलातून कधी परततात, दुपारी रस्ता किती वेळ निजतो, पर्यटकांची गर्दी केव्हा चढते, हे निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहावे. घरोघर जाऊन विचारावे, आणि तेही ‘तुम्हांला संस्कृतिकेंद्र हवे काय’ असे विचारू नये. त्याला सगळेच होकार देतात. ‘काल संध्याकाळी तुम्ही कोठे बसला होता’ असे विचारावे. त्या उत्तरातून आराखडा निघतो.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. तळमजल्याचा रस्त्याकडील भाग हा बाल्कांवच असावा : छप्पर असलेला, बाक असलेला, तिकीट किंवा नाव न विचारणारा. येथे वर्तमानपत्रे असावीत, पिण्याचे पाणी असावे आणि स्वच्छतागृहाची वाट असावी. ही शेवटची सोय क्षुल्लक वाटते. पण वृद्ध माणूस घराबाहेर किती वेळ राहू शकतो, हे बरेचदा तीच ठरविते. जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर चाकांच्या खुर्चीसाठी एकास बारा या प्रमाणात ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. अरुंद घरात तो मागाहून बसत नाही, म्हणून आरंभीच योजावा लागतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानंतर ही गोष्ट केवळ सौजन्याची राहिलेली नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन धरून आखतात; सभेच्या दालनासाठी तोच आकडा ४०० ते ५०० किलो धरावा लागतो. म्हणजे ज्या माडीवर एक कुटुंब शंभर वर्षे सुखाने राहिले, त्याच माडीवर शंभर श्रोते बसविणे धोक्याचे ठरू शकते. पुस्तके तर माणसांहूनही जड. म्हणून ग्रंथालय, सभा आणि नाच तळमजल्यावर किंवा मागच्या अंगणात असावेत. माडीवर शिकवणी, शिवणकामाचा वर्ग, पेटी-व्हायोलिनचा रियाज, जुन्या छायाचित्रांची खोली अशी हलकी कामे असावीत. कोणत्या खोलीत किती माणसे, याची पाटी दारावर लावावी आणि ती पाळावी. बाहेर पडण्याच्या वाटा दोन असाव्यात. जुन्या घराबद्दलचा आदर त्याच्या लाकडाची ताकद तपासण्यातून दिसला पाहिजे.

चौथी गोष्ट चुन्याची. जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा तिला हे करू देतो. त्यावर सिमेंटचा थर चढविला, की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, चिरा भुसभुशीत होतो आणि तुळईचे टोक कुजू लागते. ‘पक्के’ म्हणून केलेले काम अशा रीतीने घराच्या मुळावर येते. दुरुस्ती चुन्याने करावयाची तर चुना मळणारा, कौले परतणारा, शिंपल्यांची खिडकी जुळविणारा कारागीर हवा, आणि असे हात विरळ होत चालले आहेत. म्हणून ही दुरुस्ती म्हणजेच संस्कृतिगृहाचा पहिला वर्ग समजावा. काम चालू असताना वस्तीतील तरुणांनी ते शिकावे; पुढे शेजारची घरे दुरुस्त करताना तेच हात उपयोगी पडतील. एका घराचा जीर्णोद्धार झाला, याहून दहा घरांचा जीर्णोद्धार करणारे हात तयार झाले, ही मोठी कमाई आहे.

पाचवी गोष्ट आवाजाची. गोव्यात तियात्र आहे, मराठी नाटक आहे, मांडो आहे, भजन आहे, फुगडी आहे. यांपैकी एकही मुक्याने होत नाही. पण या गल्लीत समोरासमोरची घरे इतकी जवळ आहेत, की एका खोलीतली कुजबुज दुसऱ्या खोलीत जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली आहे. या वस्तीत संस्कृतिगृहाने स्वतःसाठी त्याहून अलीकडची वेळ ठरवावी आणि ध्वनिक्षेपक शक्यतो वापरूच नये. साठसत्तर माणसांच्या अंगणात गायकाचा गळा पुरतो. मोठ्या प्रयोगासाठी कला अकादमी आहेच. लहान जागेने आपले लहानपण जपावे. त्यातच तिचे बळ आहे.

सहावी गोष्ट कार्यक्रमांची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. वस्तीत कोंकणी बोलणारे आहेत, मराठी वाचणारे आहेत, पोर्तुगीज विसरू न शकणारे वृद्ध आहेत, आणि कर्नाटक, बिहार, झारखंड येथून कामाला आलेले, भाड्याच्या खोलीत राहणारे तरुणही आहेत. त्या तरुणाच्या मुलाला शाळा सुटल्यावर अभ्यासाला शांत कोपरा हवा असतो. ‘वारसा’ हा शब्द फक्त घरमालकांच्या आडनावांपुरता राखला, तर त्या मुलाला हे दार आपले वाटणार नाही. उलट वृद्ध रहिवाशाने त्याला जुन्या झऱ्याची गोष्ट सांगितली आणि मुलाने ती आपल्या वहीत लिहिली, तर वारसा पुढे सरकला असे म्हणता येईल. आठवड्याचे निम्म्याहून अधिक तास वस्तीच्या कामासाठी राखून ठेवावेत आणि उरलेले पाहुण्यांसाठी उघडावेत. पर्यटकांना फेरी हवी असेल, तर ती येथून सुरू व्हावी, थोड्या माणसांची असावी, वाटाड्या वस्तीतला असावा. आणि कोणत्या दारासमोर थांबावयाचे नाही, हे आधी सांगितले जावे.

सातवी गोष्ट पैशाची. अनुदानावर उभी राहिलेली वास्तू अनुदान आटले की बंद पडते. आणि खर्च भागविण्यासाठी तळमजल्यावर उंची उपाहारगृह काढले, तर हळूहळू ओसरीच्या जागी गल्ला येतो. मधला मार्ग अनेक लहान झऱ्यांचा आहे : वाचनालयाची माफक वर्गणी, वारसाफेरीचे शुल्क, चित्रीकरणासाठी आकारलेले भाडे, परदेशी गेलेल्या कुटुंबांची ठेव, शासनाचे ठरावीक साहाय्य. व्यवस्थापक मंडळात रहिवाशांचे बहुमत असावे, त्यात भाडेकरूही असावेत, आणि हिशेब दरवर्षी बाल्कांववर लावला जावा. वारसदारांच्या तंट्यात अडकलेले घर विकत घेण्याचा हट्ट धरण्यापेक्षा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावे. मालकी सर्वांची राहते, छप्पर परतले जाते, आणि कोणालाही आजोबांचे घर विकल्याचे दुःख सोसावे लागत नाही.

येथे एका धोक्याचा उच्चार करणे अगत्याचे आहे. रस्ता सुधारला, की जागेची किंमत चढते. किंमत चढली, की शिंपी, न्हावी, सुतार आणि वाणी उठतात, आणि त्यांच्यामागून भाडेकरू उठतात. जगातील अनेक जुन्या वस्त्यांची घरे अशा रीतीने वाचली आणि वस्ती गेली. त्यावर एकट्या संस्कृतिगृहाचा उपाय चालत नाही. किती घरांची अतिथिगृहे होऊ द्यावयाची याची मर्यादा, जुन्या दुकानदारांना संरक्षण, राहत्या घरांच्या डागडुजीला साहाय्य, वाहनांना आवर, हे नगररचनेचे निर्णय सोबत हवेत. मुंबईने १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियमावली केली. अशा नियमांनी भिंती राखता येतात. माणसे राखण्यासाठी भाडे, पाणी, वाहतूक आणि शांतता यांचेही नियम लागतात.

मग संस्कृतिगृह यशस्वी झाले, हे कशावरून ओळखावे? उद्‌घाटनाला कोण आले, वर्षभरात किती पर्यटकांनी पाहिले, किती छायाचित्रे प्रसिद्ध झाली, ही मोजमापे सोपी आहेत आणि फसवीही आहेत. निराळी मोजमापे वापरावीत. पाच वर्षांपूर्वी बंद असलेली किती दारे उघडली? किती कुटुंबांनी येथेच राहावयाचे ठरविले? मीठमिरचीचे दुकान टिकले काय? पावसाळ्याच्या आडदिवशी, कोणताही कार्यक्रम नसताना, बाकावर कितीजण बसलेले होते? त्यांत एखादे लहान मूल आणि एखादी सत्तरीची स्त्री होती काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असली, तर वास्तुशास्त्रज्ञाचे काम साधले.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथील जुन्या मराठी पेठांतूनही अशीच घरे आज कुलूपबंद उभी आहेत. त्यांपैकी एखादे सर्वांसाठी उघडण्याचा विचार जेथे निघेल, तेथे कोनशिलेवर कोणाचे नाव कोरावे हा वाद यथावकाश होवो. आधी दर्शनी भिंतीलगत एक बाक बांधावा, त्यावर छप्पर घालावे, आणि पहिल्या पावसात तेथे कोण आसऱ्याला येते ते पाहावे. पुढचा आराखडा त्या माणसांना विचारून करावा.